मालकाच्या नावाचा रकाना

मांजराला नंबर द्यायचा नसतो, हे नोंदकाकांना आता पटलं आहे. पण पटायला उशीर झाला, आणि उशिरा पटलेल्या गोष्टीचा उपयोग फक्त दुसऱ्याला उपदेश करायला होतो. काका तोही करत नाहीत. कोणी विचारलंच, तर चष्मा पुसतात आणि त्या विषयाची फाइल बंद झाली आहे, एवढं सांगून मोकळे होतात.

नोंदकाका हे नाव इमारतीनं ठेवलेलं. नगरपालिकेच्या दप्तरखान्यात चौतीस वर्षं काढून हा गृहस्थ निवृत्त झाला, तो दप्तरखाना डोक्यात घेऊनच घरी आला. दूधवाला किती वाजता आला, जिन्यातला दिवा कधी गेला, चेअरमननी तो बदलायचं कितव्यांदा कबूल केलं, सगळं वहीत. कागदावर नाही ते जगात नाही, हा त्यांचा धर्म. काकू या धर्मात कधी गेल्या नाहीत. कोणाचं औषध संपत आलं आहे, कोण कोणाला काय बोललं होतं, कोणत्या सालच्या कोणत्या दुपारी काकांनी काय कबूल केलं होतं, हे सगळं त्यांच्या नुसत्या डोक्यात असायचं आणि नको त्या वेळी बाहेर निघायचं. काकांना त्या डोक्याची थोडी धास्तीच होती.

प्रकरण सुरू झालं ते एका म्हाताऱ्या मांजरीपासून. इमारतीखाली गाड्या उभ्या करतात तिथे ती दिवसभर भिंतीला डावी कूस घासत फिरायची, आणि भिंत संपली की उभ्या स्कूटरवर डोकं आपटायची. काकांना वाटलं मांजर माजोरडं आहे. काकूंनी एकदाच वरून पाहिलं आणि म्हणाल्या, तिला दिसत नाही हो. झालं. तेवढ्या एका वाक्यानं काकांच्या निवृत्तीचं वाटोळं झालं, असं त्यांचे मेहुणे अजून म्हणतात.

मांजर घरात आणायची सोय नव्हती. मांजराचा केस हवेतून आला तरी काकूंना शिंका यायच्या. दोन शिंका सरळ निघायच्या, तिसरीला श्वास अडकायचा. म्हणून काकूंची अट एकच होती, की मांजर उंबऱ्याच्या आत येणार नाही. काकांनी ती अट तारखेसह लिहून ठेवली.

इमारतीच्या मागे जुनं पंपघर होतं. पंप केव्हाच दुसरीकडे हलवला होता. उरली होती दहा बाय आठची खोली, एक फुटकी खिडकी आणि कोपऱ्यात गंजलेला पाइप. तिथे म्हातारीला ठेवू का, असं काकांनी चेअरमनना जिन्यात विचारलं. चेअरमन घाईत होते. म्हणाले, ठेवा की काका, कोण विचारतंय. दुसरा कोणी असता तर या उत्तरावर खूश झाला असता. काकांना मात्र ते झोंबलं. कोण विचारतंय म्हणजे काय? कोणीतरी विचारलंच पाहिजे. त्यांनी 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणत तीन प्रतींत अर्ज केला. अर्ज आला म्हणजे तो कमिटीपुढे ठेवणं आलं, कमिटीपुढे गेला म्हणजे चर्चा आली, आणि ज्या सात माणसांना पंपघर आहे हेही ठाऊक नव्हतं त्या सातही जणांना एका बैठकीत मांजरांविषयी ठाम मतं फुटली. अखेर अकरा अटींवर परवानगी मिळाली. अकरावी अट, प्राण्यांची नोंदवही ठेवावी, ही काकांनी स्वतःच सुचवली होती. याला आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

म्हातारीच्या वासानं असो की काकूंनी पाठवलेल्या दूधभाताच्या, पंपघराभोवती महिन्याभरात आणखी मांजरं जमली. ही पाळलेली नव्हेत. जन्मापासून माणसाला शत्रू मानणारी रानटी जात, हात पुढे केला की हाताची जाळी करणारी. त्यांना पकडायचं कसं, हे काकांना शिकवलं कंडक्टरनी.

कंडक्टर पलीकडच्या गल्लीतले. तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेले. गावभर फिरून भटकी मांजरं पिंजऱ्यात पकडायची, मंगळवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायची, त्यांचं पिल्लं होऊ नयेत म्हणूनचं ऑपरेशन करून आणायचं आणि जिथून पकडली तिथेच पुन्हा सोडायची, हा उद्योग ते एकट्यानं आणि फुकट करत. ऑपरेशन झालेल्या मांजराच्या डाव्या कानाचं टोक डॉक्टरीणबाई गुंगीतच कापून टाकत, म्हणजे तेच मांजर दुसऱ्यांदा टेबलावर यायला नको. पिंजऱ्यात मांजर शिरलं की कंडक्टर सवयीनं, "पुढे सरका, आत भरपूर जागा आहे," म्हणायचे आणि झडप पाडायचे. वही नाही, पेन नाही. किती मांजरं केली विचारलं तर म्हणायचे, "बसभर."

हे 'बसभर' काकांना सहन होईना. त्यांनी मोठी वही आणली आणि रकाने आखले. अनुक्रमांक, दिनांक, रंग, पकडल्याचे ठिकाण, कानाची स्थिती, स्वभाव, कमी झाल्याचे कारण, शेरा. म्हातारी झाली क्र. १. 'स्वभाव'मध्ये लिहिलं, 'शांत परंतु संशयी'. क्र. ७ हा पांढरा बोका. त्याच्यापुढे शेरा होता, 'सदर बोका कारण नसताना फिसकारतो.' आणि रंगाच्या शेजारी, केवळ सवयीनं, काकांनी आणखी एक रकाना आखला होता. मालकाचे नाव.

आता भटक्या मांजराला मालक कुठला? शहाण्या माणसानं रेघ मारली असती. पण चौतीस वर्षांत काकांनी एकही रकाना मोकळा सोडला नव्हता. मोकळा रकाना दिसला की त्यांचा हात पेनाकडे जायचा. त्यांनी तिथे ठसठशीत अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली प्रत्येक वेळी 'वरीलप्रमाणे'.

कंडक्टरनी तो रकाना बोटानं वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "काका, लिहू नका. न लिहिलेलं मांजर कोणाचंच नसतं. लिहिलं की ते कोणाचं तरी होतं, आणि कोणाचं तरी झालं की त्याच्यावरून भांडता येतं."

काकांनी त्यांना नोंदीचं महत्त्व अर्धा तास समजावून सांगितलं. कंडक्टर चहा पिऊन गेले.

पहिली माशी शिंकली ती क्र. ९ ला. एका सोमवारी पिंजऱ्यात फिकट रंगाचं, लठ्ठ, लांब केसांचं मांजर आलं. कंडक्टर म्हणाले, हे जरा घरंदाज वाटतंय. काकांनी पाहिलं, गळ्यात पट्टा नाही, वहीत वर्णन नाही, म्हणजे भटकं. त्यांनी नोंद केली, 'स्वभाव : गर्विष्ठ', मालक : वरीलप्रमाणे. मंगळवारी ऑपरेशन झालं, कान कापला गेला, आणि बुधवारी चेअरमनच्या बायकोनं जिन्यात हंबरडा फोडला. ते मांजर त्यांचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच गॅलरीतून खाली उतरलं होतं. त्याची पिल्लं म्हणे तीन घरांनी आगाऊ मागून ठेवली होती, आता कुठली पिल्लं. काका माफी मागायला गेले ते वही घेऊन, प्रक्रिया कशी बिनचूक झाली होती हे दाखवायला. चेअरमननी मालकाच्या रकान्यात काकांचं नाव वाचलं आणि वही इतक्या हळू मिटली की काकांना घाम फुटला.

त्या दिवसापासून पंपघर चेअरमनच्या डोळ्यांत सलू लागलं. आणि काकांनीच त्यांना हत्यार दिलं. कारभार पारदर्शक असावा म्हणून त्यांनी मांजरांची यादी वर्णनासह सूचनाफलकावर लावली, आणि खाली सुतळीला पेन बांधून तक्रारवही टांगली. ज्या लोकांनी आयुष्यात मांजराविषयी तक्रार केली नव्हती त्यांना पेन दिसल्यावर हुरूप आला. सहा आठवड्यांत त्रेसष्ट तक्रारी झाल्या. क्र. ४ नं पायपुसणं ओलं केलं. क्र. १२ छपरावर रडतो. क्र. १४ नं खिडकीत बसून अर्धा तास टक लावून पाहिलं. एका गृहस्थांनी तर क्र. २० विषयी लिहिलं, जो अस्तित्वातच नव्हता. यादी एकोणिसालाच संपत होती. काका प्रत्येकाला लेखी उत्तर देत. 'सदर मांजरास समज देण्यात आली आहे.'

सल्ले वेगळेच. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई म्हणाल्या, मांजरांना शिस्त लावा, रांगेत जेवायला बसवा. समोरचे विमावाले म्हणाले, एक कुत्रा पाळा म्हणजे मांजरं आपोआप कमी होतील. मेहुणे म्हणाले, सरळ पोत्यात घालून नदीपार सोडा. आणि हे सगळे सल्ले देणारे लोक पहाटे खोक्यात घालून नकोशी पिल्लं पंपघराच्या दाराशी ठेवून जात, हे काकांना पक्कं ठाऊक होतं, कारण एका खोक्यावर मेहुण्यांचाच पत्ता होता. ती पिल्लं कंडक्टर दारोदार हिंडून लोकांच्या गळ्यात मारत.

पण एक गोष्ट या सगळ्यात गोड होती, आणि काकांनी ती कुठेच लिहिली नव्हती. रोज सकाळी सात वाजता ते पंपघरासमोर उभे राहून ॲल्युमिनियमच्या ताटलीवर चमचा तीनदा वाजवायचे. एरवी ज्यांचं शेपूटही कोणाला दिसत नसे ती मांजरं भिंतीमागून, छपरावरून, नाल्यातून निघून येत. हात लावू देत नसत, पण येत. क्र. ७ तर काकांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर बसून खायचा, फिसकारत. आणि म्हातारी ताटलीचा आवाज ऐकून भिंत सोडून सरळ चालत यायची. तेवढी सात पावलं ती कशाला आपटत नसे. काकूंना खिडकीतून ते दिसायचं. कार्यालयात काकांची वाट कधी कोणी पाहिली नव्हती.

शेवटी चेअरमननी नगरपालिकेत अर्ज दिला, आणि निरीक्षक आले. थकलेला, सज्जन माणूस. हातात फाइल आणि चेहऱ्यावर हे लवकर संपू दे असा भाव. काकांनी गळाबंद कोट घातला होता. अकरा वाजले होते, पंपघर रिकामं. म्हातारी तेवढी पोत्याखाली झोपलेली, तीही दिसत नव्हती.

"इथे तर एकही मांजर नाही," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी पेन उघडलं. "तसं लिहितो. काही आढळून आलं नाही."

माणसाला सुटका समोर दिसत असताना तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. पण चेअरमन शेजारी उभे होते आणि गालात हसत होते. सहा महिन्यांचं काम 'काही आढळून आलं नाही' या चार शब्दांत जाणार, हे काकांच्या जिव्हारी लागलं. ते आत गेले, ताटली आणली आणि चमचा तीनदा वाजवला.

सगळी आली. अकरा वाजता कधी न येणारीसुद्धा. कापलेल्या कानांची ती रांग पाहून निरीक्षकांनी पेन पुन्हा खिशात टाकलं.

तरीही तो माणूस चांगलाच. त्यांनी काकांना बाजूला घेतलं आणि नियम समजावून सांगितला. भटकं जनावर, ज्याला मालक नाही, ऑपरेशन झालेलं आहे, ते जिथे आहे तिथून कोणालाही हलवता येत नाही. चेअरमनना नाही, नगरपालिकेला नाही. मालक असेल तर मात्र गोष्ट वेगळी. मग परवाना लागतो, आणि इमारतीची हरकत असेल तर परवाना मिळत नाही. एवढं सांगून ते थांबले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तर काका, आता विचार करून सांगा. ही मांजरं कोणाची?"

"वहीत आहे ना," काका म्हणाले.

"वही राहू द्या. तुम्ही तोंडानं सांगा."

काकांनी वही पुढे केली. निरीक्षकांनी पहिलं पान पाहिलं, मालकाचा रकाना पाहिला, आणि वही मिटून परत दिली. "मी ही पाहिली नाही, असं समजा."

काकांना वाटलं हा आपल्या वहीचा अपमान आहे. "असं कसं? पाहिलीत की आता. इथे अभ्यागताची सही करायची असते."

अभ्यागताच्या सहीचाही रकाना वहीत होता, त्याचं मात्र खरंच कौतुक. निरीक्षकांनी काकांकडे पाहिलं, चेअरमनकडे पाहिलं, आणि सही केली. जाताना त्यांनी नमस्कार केला तो असा, की काकांना वाटलं कोणी गेलं आहे आणि हे भेटायला आले होते.

आदेश आठवड्यानं आला. नोंदवहीनुसार सदर इसमाच्या मालकीची एकोणीस मांजरे विनापरवाना, सबब पंधरा दिवसांत कोंडवाड्यात जमा करावीत. कोंडवाडा गावाबाहेर. कंडक्टर एकदा तिथे जाऊन आले होते. सगळ्यांना एका खोलीत टाकतात, ते म्हणाले, आणि रानटी मांजर कोंडलं की खाणं सोडतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही.

काका नगरपालिकेत गेले. जिथे चौतीस वर्षं आतून बसले होते त्या खिडकीच्या बाहेर रांगेत उभे राहिले. खिडकीतल्या कारकुनाला त्यांनी सांगितलं की मालकाच्या रकान्यातली नोंद अनवधानानं झाली आहे, ती रद्द करायची आहे. कारकुनानं एक जुनं परिपत्रक काढून दाखवलं. मालकानं स्वहस्ते केलेली नोंद कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही. नोंद कमी होईल ती केवळ मृत्यू झाल्यास. काकांना भाषा ओळखीची वाटली. परिपत्रकाच्या तळाशी, तयार करणाराची म्हणून असते ती बारीक सही त्यांचीच होती. बावीस वर्षांपूर्वी एका गाढवाच्या मालकानं त्यांना फार छळलं होतं, तेव्हा त्यांनी मोठ्या हौशीनं तो मसुदा केला होता.

"फारच पक्कं लिहिलंय कोणीतरी," कारकून म्हणाला. "कुठून फट नाही."

काका हो म्हणाले आणि घरी आले.

मृत्यू झाल्यास. हे दोन शब्द घेऊन ते आणि कंडक्टर डॉक्टरीणबाईंकडे गेले. कंडक्टरनी सुचवलं की सगळीच मेली म्हणून लिहून द्या. डॉक्टरीणबाई बराच वेळ टेबलावरचं स्टीलचं तबक पुसत राहिल्या. एकोणीस दाखले एका दिवशी दिले तर साथ म्हणून चौकशी लागेल, आणि परवाना गेला तर मंगळवारचं काम कायमचं बंद. एक देऊ शकते, त्या म्हणाल्या. एकच, आणि तोही पटण्यासारखा.

काकांना निवड करायला वेळ लागला नाही, याचीच त्यांना पुढे लाज वाटत राहिली. त्यांनी क्र. १ सांगितला. घरी येऊन वहीत, 'कमी झाल्याचे कारण' या रकान्यात, म्हातारीपुढे लिहिलं : मृत. खाली तारीख घातली. आयुष्यातली ती त्यांची पहिली खोटी नोंद, आणि अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

मग टोपलीवर फडकं टाकून ते आपल्या दाराशी येऊन उभे राहिले. आत पाऊल टाकेनात. काकूंनी दार उघडलं, टोपलीकडे पाहिलं.

"कागदावर मेली आहे ती," काका म्हणाले.

"पण कागदावर मला शिंका येत नाहीत ना." काकूंनी एक शिंक दिली, मग दुसरी, तिसरीला भिंत धरून उभ्या राहिल्या. श्वास आला तसं म्हणाल्या, "आत या. आधी दार लावा."

गाडी सकाळी नऊला आली. दोन माणसं, काठीला बांधलेले फास आणि सतरा पिंजरे. सतराच, कारण कमिटीनं खास ठराव करून 'क्र. ९ वगळता' असं आदेशात घालून घेतलं होतं; चेअरमनचं मांजर गॅलरीत बसून सगळं पाहत होतं, कापलेल्या कानासह. चेअरमन म्हणाले, कायद्यापुढे आपला नाइलाज आहे, काका. सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद त्यांना लपवता येत नव्हता.

दोन तास त्या माणसांना एक मांजर सापडलं नाही. मग त्यांच्यातला वयस्कर काकांपाशी येऊन म्हणाला, साहेब, तुमचं ऐकतात म्हणे. तुम्ही बोलवा, नाहीतर आम्हाला फास टाकावे लागतील, आणि फासात मानेला लागतं. तो धमकी देत नव्हता. त्याला खरंच वाईट वाटत होतं.

काकांनी ताटली आणली. चमचा एकदा वाजवला, दुसऱ्यांदा वाजवला. तिसऱ्यांदा हात उठेना, तरी वाजवला.

ती आली. काकांनी पिंजऱ्यांत मासे ठेवले होते. क्र. ७ पिंजऱ्याच्या तोंडाशी थांबला, काकांच्या चपलेकडे पाहिलं, फिसकारला आणि आत गेला. तीस वर्षं कंडक्टर म्हणायचे ते पुढे सरका आज म्हणायला कोणी नव्हतं. मला हे बघायचं नाही म्हणून ते घरीच थांबले होते. एकामागून एक सतरा झडपा पडल्या. काकांना स्वतःची शिसारी आली. माणसावर विश्वास ठेवू नये एवढी एकच अक्कल त्या जनावरांना जन्मतः होती, आणि ती त्यांनी सहा महिने खपून काढून घेतली होती. ड्रायव्हरनं पावती पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं, 'सतरा नग', आणि काकांनी देणाराच्या जागी सही केली.

आठ दिवसांनी काका आणि कंडक्टर बसनं कोंडवाड्यावर गेले. राखणदारानं खोली दाखवली. धुतलेली, रिकामी. होती, तो म्हणाला, आता नाहीत. काकांनी रजिस्टर मागितलं. कोणतं मांजर कधी, कशानं, हे तरी कळावं.

राखणदार त्यांच्याकडे पाहतच राहिला. "मांजरांची कोण नोंद ठेवतं?"

परतीच्या बसमध्ये कंडक्टर खिडकीबाहेर पाहत बसले. त्यांनी काकांना एका शब्दानं दोष दिला नाही, आणि काकांना ते फार जड गेलं. उतरताना एवढंच म्हणाले, मंगळवारी मला पिंजरा धरायला येत चला, फक्त वही आणू नका.

म्हातारी आतल्या खोलीत राहू लागली. मेलेली असल्यामुळे तिला गॅलरीत जायची बंदी होती. दाराची घंटा वाजली की काका तिच्यावर टोपली घालत. दवाखान्यात नेता येत नव्हतं. डॉक्टरीणबाई सांधेदुखीचं औषध 'गृहस्थ, वय बासष्ट' या नावानं देत. काकूंच्या शिंका अख्ख्या इमारतीला ऐकू जात. ही जुनाट सर्दी आहे असं ठरून घरोघरचे काढे आले, आणि संशय नको म्हणून ते काकूंना पाहुण्यांसमोर प्यावे लागले. रात्री त्या खिडकीशी उशीला टेकून बसून झोपत. एकदाही त्या अटीबद्दल बोलल्या नाहीत. लिहिलेली होती तरी.

आणि तीन महिन्यांनी चेअरमन आले. काकांनी घाईनं टोपली पालथी घातली. चेअरमन त्या टोपलीपासून दोन हातांवर खुर्चीत बसले आणि इकडचं तिकडचं बोलून मुद्द्यावर आले. पंपघरात उंदीर फार झालेत. गाडीच्या वायरी कुरतडल्या, दोनदा. घरातलं मांजर उंदराला घाबरतं. तर कंडक्टरांना सांगून चारदोन मांजरं परत आणता आली तर बरं होईल. "फक्त काका, या वेळी ती नोंद वगैरे नको."

आत काकूंना शिंक आली. टोपली किंचित हलली. काकांच्या मनात बरंच काही आलं. सतरा झडपांचे आवाज आले, क्र. ७ ची चपलेकडे पाहणारी नजर आली. पण ते उठून उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "लेखी अर्ज द्या. तीन प्रतींत."

चेअरमन पुन्हा आले नाहीत.

म्हातारी आणखी दोन महिने जगली. घरात ती कधी कशाला आपटली नाही. काकांनी खुर्च्या तसूभरही हलवू दिल्या नाहीत. काकूंच्या चालण्याच्या आवाजावर ती खोली ओलांडायची. एका साध्या दुपारी, काका पेपर वाचत असताना, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर झोपली होती ती तशीच राहिली. काकांनी हाक मारली, मग ताटली आणून चमचा वाजवला. मग शेजारी बसले.

थोड्या वेळानं ते उठले आणि वही काढली. क्र. १ चं पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं. 'कमी झाल्याचे कारण' या रकान्यात आधीच लिहिलेलं होतं : मृत. तारीख पाच महिन्यांपूर्वीची, सुवाच्य, खाडाखोड नाही. पुढे शेराही भरलेला होता. पानावर कुठे बोटभर जागा नव्हती. खरी तारीख लिहायला त्यांना रकाना सापडेना, आणि पेन उघडं धरून ते तसेच बसून राहिले.

काकू दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी म्हातारीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं.

"आज तारीख काय हो?" त्यांनी विचारलं.

काकांनी सांगितली.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मी लक्षात ठेवते."